गल्ल्यातलं चुंबक आणि डबीतला वाघ

मावशी, सा. न.

आमची खाडीच्या जेट्टीजवळ टपरी आहे. चहा, सोडा, वडापाव. फेरीबोटीसाठी गाड्या लागतात त्यांच्यावर आमचा धंदा. गेल्या पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. सुट्ट्या पैशांत वेगळ्या धातूची नाणी लपलेली असतात, चुंबक लावलं की ती ओळखता येतात आणि एकेकाचे लाख मिळतात, असं त्यात होतं. तेव्हापासून जुन्या स्पीकरमधलं चुंबक आमच्या गल्ल्यात आहे. रात्री जेवणं आटपली की हे चटईवर नाणी ओततात आणि तांदळातले खडे निवडावेत तशी साडेबारापर्यंत निवडत बसतात. जाडी पाचाची वेगळी, कोनांची दोनाची वेगळी, पिवळी वेगळी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आता सहा हजार चारशे रुपये अडकलेत. मी मोजले, त्यांना सांगितलं नाही. सकाळी सुट्टे द्यायला नसतात, मग मी चॉकलेटं पुढे करते आणि बोलणी खाते.

गणपतीत सासूबाईंच्या देवातल्या डबीतून दोन जुने रुपये निघाले. दोन्हीवर राजाचं तोंड. एक १९४५ चा, तो चुंबकाला चिकटत नाही. दुसरा १९४७ चा, त्याच्या मागे वाघ, तो टपकन चिकटतो. हे सगळ्यांसमोर म्हणाले, वाघाचा लोखंडी आहे, खोटा आहे, टाका. तो रुपया सासूबाईंच्या बाबांनी त्यांच्या लग्नात ओटीत घातलेला. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

आता १९४५ च्या रुपयाला फोनवरून एकाने साडेतीन लाख सांगितलेत. आधी दोन हजार शंभर रुपये नोंदणी फी भरायची. त्याने पाठवलेल्या कागदावर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह आहे. हे भरायच्या बेतात आहेत. यात काही तथ्य आहे का? आणि यांना झोपायला कसं लावू?

— जेट्टीवरची सूनबाई, गुहागर तालुका


सूनबाई,

आधी त्या दोन हजार शंभरांचं बघू. भरायचे नाहीत. भरून झाले असतील तर हे वाचन इथेच सोड, १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लाव, तुमच्या बँकेला कळव, आणि मग चहाचं आधण ठेवून पुढचं वाच.

मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशच्या खिडकीत बसले, त्यातली एकोणीस आपल्याच जिल्ह्यात. विकत घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. इतकं साधं आहे, पण साडेतीन लाखांचा आकडा कानावर पडला की नेमकं हेच सुचत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही फी किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. तेव्हा तो कागद घरच्या प्रिंटरचा समज. शिवाय १९४५ चा रुपया टांकसाळीने कोट्यवधींनी पाडला. कोकणात जुनं घर उतरवलं की कुठल्या ना कुठल्या फडताळात तो सापडतोच. साडेतीन लाखांना तो कोण कशाला घेईल?

एकदा माझ्या खिडकीशी एक आजोबा आले. काखेत छत्री, हातात पासबुक, अठरा हजार काढायचे होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, नाण्याचा कर. आधी नोंदणीचे भरले होते, मग कुरिअरच्या विम्याचे, आणि आता हा कर भरला की अकरा लाख येणार होते. मी 'सर्व्हर बंद आहे' म्हणून त्यांना बाकावर बसवलं, जे धादांत खोटं होतं, आणि त्यांच्या मुलाला फोन केला. आजोबांनी पुढे दोन वर्षं मला ओळख दाखवली नाही. तुझ्या घरीही असं होईल. ज्याचे लाख बुडवले तो आभार मानत नाही, त्याची तयारी ठेव.

आता वाघाकडे येते. पत्रातलं मला तेच सगळ्यात जास्त टोचलं.

जावईबापूंना सांग, चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड असं नसतं. निकेलसुद्धा चिकटतं. आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचाच आहे, खरा आहे, टांकसाळीचा आहे. विश्वास बसत नसेल तर एक खिळा घ्या आणि त्या रुपयाशेजारी ठेवून बघा. तुमच्या खाडीच्या हवेत लोखंडाचा खिळा एका पावसाळ्यात लाल होतो, दुसऱ्यात पापुद्रे सुटतात, तिसऱ्यात खिळा उरत नाही, नुसतं भोक उरतं. तो रुपया त्याच हवेत पंचाहत्तराहून जास्त पावसाळे बसलाय. त्याला गंजाचा ठिपका तरी आहे का? वाघाच्या पट्ट्यांमध्ये मळ असेल, कडेला थोडा काळसरपणा असेल. तांबूस भुकटी बोटाला लागणार नाही. लोखंडाचा असता तर सासूबाईंच्या डबीत एव्हाना गेरूची चिमूट निघाली असती.

राजा दोन्हीवर एकच, मग धातू वेगळा का, हेही ऐकून ठेव, कारण घोळ तिथेच झालाय. राणीछाप रुपयापासून चालत आलेला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. सोनाराचा जुना तोळा म्हणजे ह्याच रुपयाचं वजन. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी असायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोकांनी चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली, तेव्हा १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या पन्नास टक्क्यांत ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. तुमचा १९४५ चा रुपया ह्या निम्म्या चांदीचा. युद्ध संपलं तेव्हा आणखी एक देणं डोक्यावर होतं. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी चांदीच्याच रूपात परत करायची होती. उसनं आणलेलं पीठ पिठानेच फेडतात, तसं. मग १९४६-४७ मध्ये पावली म्हणजे पाव रुपया, अधेली म्हणजे अर्धा रुपया आणि आख्खा रुपया, तिन्ही निकेलचे झाले आणि मागच्या बाजूला वाघ आला. थोडक्यात, फेरफटका मारणाऱ्या नाण्यातून चांदी जी गेली ती तेव्हाच गेली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की जावईबापूंनी बघितलेला व्हिडिओ मला वाटतं अमेरिकेच्या नाण्यांवरून उचललेला आहे. कुणीतरी त्याला मराठी आवाज दिला आणि आपल्या गळ्यात मारला. तिथे खरोखरच असं करतात. तिथली दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटांची नाणी १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीची होती आणि ती आजही चलनातून बाद नाहीत. म्हणून तिथले हौशी लोक बँकेतून नाण्यांची भेंडोळी आणतात, घरी उलगडून बघतात आणि उरलेली परत भरतात. चुंबकाचा नियमही तिथलाच. १९४३ साली तांबं युद्धाला हवं होतं म्हणून त्यांनी एक सेंटचं नाणं पोलादाचं पाडलं, वर जस्ताचा मुलामा दिला. पण आधीच्या वर्षाच्या काही कांस्याच्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या होत्या, त्यांच्यावरही १९४३ चा छाप उठला. अशी नाणी अगदी मोजकी आहेत आणि त्यांना खरंच प्रचंड किंमत येते. म्हणून तिथे म्हणतात, १९४३ चा तांबूस सेंट मिळाला तर चुंबक लावा, चिकटला तर पोलादावर तांब्याचं पाणी चढवलेला आहे, खोटा. त्यांच्या त्या एका नाण्यासाठी हा नियम अगदी बरोबर आहे. आपल्याकडे तो सासूबाईंच्या वाघाला लावला गेला आणि बिचारा वाघ खोटा ठरला.

मग आपल्या गल्ल्यात काय असतं? मी तुमच्या श्रीखंडाच्या डब्यांत न बघता सांगते.

स्टीलचा रुपया, १९९२ पासूनचा. ८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम. चिकटणार. दोन रुपयांचं अकरा कोनांचं जुनं नाणं तांबं-निकेलचं, चिकटणार नाही. २००५ पासूनचं स्टीलचं, चिकटणार. पिवळं पाचाचं निकेल घातलेल्या पितळेचं, चिकटणार नाही. म्हणजे चुंबक जे सांगतं ते नाण्यावरचं साल आणि रंग बघूनही कळतं, दिवा न जाळता. आणि हो, तांबं-निकेलमध्ये निकेल असूनही ते चिकटत नाही, कारण तीन भाग तांबं त्याला दाबून टाकतं. यावरून घरात वाद होईल म्हणून आधीच लिहिलं.

जाड्या पाचाच्या नाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण डब्यांतले बरेचसे पैसे त्यातच असणार. १९९२ पासून निघालेलं ते ९ ग्रॅमचं नाणं, तीन भाग तांबं, एक भाग निकेल. हातात घेतलं की जाणवतं, मला तर आजही आवडतं. धातूंचे भाव चढले की ह्या नाण्यातल्या धातूची किंमत पाच रुपयांच्या वर जाऊ शकते. ती सीमेपलीकडे चोरून नेऊन वितळवतात आणि दाढीची पाती करतात, अशा बातम्या मी नोकरीत असताना पेपरात वाचलेल्या आठवतात. नंतर ते नाणं स्टीलचं आणि मग पिवळं झालं. कुणी तुम्हाला म्हणेल, साठवा, भंगारात जास्त येतील. तर २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं, मोडणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. आणि गुन्हा न करता त्या नाण्याचे पाचच रुपये येतात. ते आजही चलनात आहे, त्यामुळे पाच मात्र नक्की येतात.

असंच एक पिवळं वेड आमच्या लहानपणीही होतं. १९६८ मध्ये कमळाचं वीस पैशांचं नाणं आलं. त्यात सोनं आहे असं सर्रास बोललं जायचं. आमच्या आळीत एकीने आठ-दहा नाणी सोनाराकडे नेली आणि सोनाराने तिला चहा पाजून परत पाठवलं. सोन्याचा कणही नव्हता, पिवळेपणा सगळा तांब्याच्या मिश्रणाचा.

आता जावईबापूंची बाजू घेते, कारण ते अगदीच चूक नाहीत. वेगळ्या धातूचं नाणं आपल्याकडेही असू शकतं. एका नाण्यासाठी कापलेली चकती चुकून दुसऱ्याच्या छापाखाली गेली तर ते संग्राहकांच्या कामाचं. पण ते ओळखायला चुंबकाच्या जोडीला सोनाराचा छोटा काटा आणि साल लागतं. उदाहरणार्थ, १९९५ चा रुपया. तो स्टीलचा, २५ मिलिमीटर रुंद, वजन ४.८५ ग्रॅम. असा एखादा चुंबकाकडे ढुंकूनही बघत नसेल आणि वजनही जुळत नसेल तर तो कागदाच्या पाकिटात ठेवा. बत्तीस वर्षांत माझ्या हातून किती नाणी गेली असतील त्याचा हिशेब नाही, मोजायच्या यंत्रात ओतून ओतून दंड दुखायचे. एकही असं सापडलं नाही. मागची बाजू तिरकी फिरलेली सापडली तीन. ती तिन्ही मी बदली रुपये टाकून घेतली आणि अजून जपली आहेत. कुणी विचारत नाही, तरी काढून दाखवते.

त्यापेक्षा त्यांना हे खूळ लावून दे. नाण्यावर सालाच्या खाली बारीक खूण असते. चौकटच्या आकाराची मुंबई टांकसाळ, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाचा रुपया चारही टांकसाळींचा मिळवायचा, मग पुढचं साल. एक पुठ्ठ्याची वही, प्रत्येक खुणेचं एकच नाणं, दुसरं मिळालं की गल्ल्यात परत. जेट्टीवर मुंबईची गाडी येते, कोल्हापूरची येते, गोव्याकडे निघालेली येते, तेव्हा तुमच्या गल्ल्यात जे फिरतं ते माझ्या घराजवळच्या किराणावाल्याकडे फिरत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो, हे सांगितलंस तरी चालेल. ह्या छंदाला पैसे पडत नाहीत, कारण रुपयाचं नाणं वहीतसुद्धा रुपयाचंच राहतं.

मात्र सहा हजार चारशे हे तुमचं खेळतं भांडवल आहे. तेल, पाव, बेसन, सिलिंडर त्यातून यायचा. एकदम देऊन टाकू म्हणाल तर कायद्याने कुणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतचीच नाणी घ्यायला बांधील असतो, त्यामुळे घाऊक व्यापारी हात वर करेल आणि तो चुकीचाही नसेल. बँकेत भरता येतात. पण मी असते तर बँकेत गेले नसते. रोज सकाळी एक डबा गल्ल्यात उपडा करायचा आणि सुट्टे मागणाऱ्याला सुट्टे द्यायचे. जेट्टीवर बोट सुटायच्या पाच मिनिटं आधी ज्याच्याकडे सुट्टे असतात त्याच्याच टपरीवर गर्दी होते. ती चॉकलेटं मात्र बंद कर. पाच रुपयांच्या जागी चॉकलेट घेताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

जाता जाता दहाच्या नाण्याबद्दल. ते कुणी घेत नाही म्हणून तुम्हीही नाकारत असाल तर नाकारू नका. तोवर चौदा वेगवेगळ्या नक्षींची दहाची नाणी निघाली होती आणि सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय.

१९४५ च्या रुपयाचं काय करायचं, हे मी सांगणार नाही, तो सासूबाईंचा आहे. किंमत कशी काढायची ते सांगते. ११.६६ ग्रॅमच्या निम्मी म्हणजे ५.८३ ग्रॅम चांदी. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव घ्या, गुणा. साधारण तेवढे, नाणं अगदी कोरं असेल तर संग्राहक थोडे जास्त देईल. १९३८ किंवा त्याआधीचा रुपया निघाला तर १०.६९ ग्रॅम चांदी धरायची. १९३९ चा निघाला तर मात्र मला कळव, कारण तो खरंच दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. तिथे चुंबक उपयोगाचं नाही, जाणकाराकडेच न्यावा लागतो. जुने कॅशियर रुपया दगडी काउंटरवर टाकून आवाज ऐकायचे, 'वाजवून घेणे' ते हेच. चांदीचा आवाज लांबतो, शिशाची भेसळ असली की बद्द येतो. पण निम्म्या चांदीचा रुपया पूर्ण चांदीच्या रुपयासारखा वाजत नाही, तेव्हा ह्या एका परीक्षेवर कुणाला चोर ठरवू नका.

आणि कृपा करून ते रुपये घासू नका. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने, चिंचेने लख्ख करायची सवय, त्यात गौरी-गणपतीची समई घासताना हात शिवशिवतो. आगळ काढून उरलेला कोकमाचा चोथा नाण्याला लावला की ते दोन मिनिटांत चमकतं आणि संग्राहकाच्या लेखी तिथेच मरतं. वरची नैसर्गिक झाक गेली की परत येत नाही. साध्या पाण्याने धुवायचं, टिपायचं, चोळायचं नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्या प्लास्टिकमधून हिरवट चिकट थर सुटतो. कागदाचं पाकीट, घट्ट झाकणाचा डबा, आत औषधाच्या बाटलीतून निघते ती ओल शोषणारी पुडी. पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघायचं.

घरात वेगळ्या धातूची हौस फार झाली तर जावईबापूंना लारीची गोष्ट सांग. आपल्या ह्याच किनाऱ्यावर, इराणी आखाताशी व्यापार चालायचा तेव्हा, केसाच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार नाणं म्हणून फिरायची. विजापूरच्या आदिलशाहीनेसुद्धा तशी पाडली. चपटी नाही, गोल नाही, राजाचं तोंड नाही, नुसती तार आणि तिच्यावर उठवलेली थोडी अक्षरं. पण ऐकून कुदळ घेऊन खाडीकाठी जाऊ देऊ नकोस. जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काही मिळालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, आणि आधी तो चिखल उपसावा लागतो.

रात्रीच्या झोपेचं मी त्यांच्याशी भांडून सुटेल असं मानत नाही. दुपारी बोट जाऊन दुसरी यायच्या मधे टपरी रिकामी असते, तेव्हा निवडू देत. उजेडही असतो, टांकसाळीची खूण रात्रीच्या दिव्यात दिसतच नाही. चटई रात्री उचलून ठेव. पहिले चार दिवस कुरकुर होईल.

सासूबाईंचं काम मात्र त्यांनाच करू दे, तू मधे पडू नकोस. त्यांनी चुंबक, खिळा आणि वाघाचा रुपया घेऊन आईसमोर बसावं, दोन्ही चिकटवून दाखवावेत, आणि सगळ्यांसमोर खोटा म्हटलं होतं तसं सगळ्यांसमोर खरा म्हणावं. आई बोलणार नाही, कदाचित 'ठेव तिथे' एवढंच म्हणेल. तेवढं पुरे. पुढच्या पावसाच्या आधी डबी त्याच कोरडी करतील.

आणि ती डबी उघडली की तळाशी नीट बघायला सांग. १९४३ ते ४७ मध्ये मधोमध भोक असलेला तांबूस पैसा निघायचा. बायका मुलांच्या करगोट्यात तो ओवायच्या, बाप्ये वॉशर म्हणून वापरायचे. आमच्या घरचा शेवटचा भोकाचा पैसा माझ्या भावाने स्टोव्हच्या पंपाला लावला आणि स्टोव्हसकट भंगारात दिला. दोन असतील तर एक मला हवाय. बदली मी तुला नोएडाचे पाच रुपये देईन, टिंब अगदी स्पष्ट आहेत.